घडीचा चाकू : घरच्या कार्यशाळेतील एक विद्या



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावरून राज्यकारण, वाङ्मय आणि धर्म यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही मात्र चार बोटे लांबीच्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे घडीचा चाकू, आणि तो घरी कसा घडवावा हा आमचा विषय.

विषय ऐकून कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. हिंदी चित्रपटांनी 'रामपुरी' गुंडाच्या हाती दिला आणि उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांची विद्या उगाच बदनाम झाली. वास्तविक चाकूचा खरा धनी शेतकरी आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे कलम बांधताना फांदीला स्वच्छ, तिरपा छेद द्यावा लागतो. उघडे पाते खिशात घालून बांधाबांधाने हिंडता येत नाही, म्हणून ते मुठीत मिटावे लागते. ही गरज फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे.

कायद्याचाही खुलासा करून टाकू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीकामासाठी घडवलेली हत्यारे त्यांतून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत राहतो. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला मात्र हौशी माणसाने जाऊ नये.

आता घडणीकडे वळू. या चाकूचे मुख्य भाग तीन : पाते, मूठ आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान. पाते एका खिळीवर फिरते. कमान पात्याच्या बुडाशी दाबून बसते, म्हणून उघडलेले पाते उघडे राहते आणि मिटलेले मिटून राहते. ऐकावयास हे सोपे वाटते, पण खरी मेख येथेच आहे. पाते जेथे अडते ती जागा खिळीपासून साधारण सहा मिलिमीटरवर असते आणि टोक पंचाहत्तर मिलिमीटरवर. म्हणजे अडणीच्या जागी पाव मिलिमीटर चुकले की टोकाशी ती चूक बारापट होऊन तीन मिलिमीटर होते! मिटलेल्या चाकूचे टोक तेवढे बाहेर राहिले, तर खिशात हात घालणाऱ्याच्या बोटाचे काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून शहाणा कारागीर पोलादाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याला विचारतो. पाते आणि मूठ पुठ्ठ्याची कापावी, खिळीच्या जागी टाचणी टोचावी आणि उघडझाप करून पाहावी. पाते मुठीत मावते का, धार कमानीवर आपटते का, एवढे पुठ्ठा सांगतो. दुसरा नमुना साध्या लोखंडी पत्र्याचा; अडणीची जागा कानशीने किती झिजवावी, हे तो सांगतो. हे दोन्ही नमुने बोलून झाले, म्हणजेच पोलाद घ्यावे. नमुना बिघडला तर चार आण्यांचा पुठ्ठा जातो. पोलाद बिघडले तर आठवड्याची मेहनत जाते.

पोलाद म्हणून मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा चालतो. मात्र त्यात बारीक तडा नाही ना, हे आधी पाहावे. पडवीत एक व्हाइस, चार कानशी आणि एक ड्रिल असले की काम भागते. पात्याला पाणी देण्याची कसोटी जुनीच आहे. तापत्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे झाले, की आणखी थोडी आच देऊन ते तेलात बुडवावे. अशा वेळी ते काचेसारखे ठिसूळ असते. घासून उजळ करून पुन्हा सावकाश तापवावे. पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबावे. कमानीला मात्र निळा रंग येईपर्यंत तापवावे, कारण तिने वाकून पुन्हा सरळ व्हावयाचे असते.

फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. उघडे पाते बोटावर मिटू नये म्हणून त्यावर फिरते कडे आले ते १९५५ साली. इतकी साधी वस्तू, पण तिची सुधारणा पासष्ट वर्षांनीही चालूच होती!

बंधुभगिनींनो, हे सारे आष्टीत सांगण्याचे प्रयोजन काय? दसरा-दिवाळी उलटली की आपल्या भागातील कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. परंतु ज्यांचे पोट पात्यावर चालते, त्यांच्याच मुलांना पोलादाची विद्या परकी असावी, हे आम्हांला बरे वाटत नाही. बारा बलुत्यांतील लोहाराला आच पाहून पोलाद ओळखता येते. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला पाव मिलिमीटर मोजता येतो. या दोघांची गाठ एका ऐरणीपाशी पडावी, एवढेच आमचे मागणे आहे. आरंभ म्हणून उद्या घरी एक पुठ्ठा आणि एक टाचणी घ्या. हत्यार वापरणारा हात हत्यार घडवू लागला, की त्या हाताची किंमत वाढते.