काहीही न करणारा वादक

५ मे १९६५ रोजी अमेरिकेत, ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ कला संग्रहालयात ॲल्विन ल्युसियर हा संगीतकार कार्यक्रमाला बसला तो डोळे मिटून. डोक्याला इलेक्ट्रोड, भोवती ढोल, झांजा नि घंटा, आणि कशालाही हात लावायचा नाही. डोळे मिटून, मनात कसलंही चित्र न आणता निवांत बसलं की मेंदूत सेकंदाला आठ ते बारा या गतीने अल्फा लहरी उठतात. एडमंड डेवन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला त्या टिपायची साधनं मिळवून दिली होती. पण इतकी मंद लहर आपल्या कानांना ऐकूच येत नाही. मग ल्युसियरने ती प्रचंड वाढवून लाउडस्पीकरमध्ये सोडली, आणि लाउडस्पीकर वाद्यांना भिडवले. लाउडस्पीकरचे पडदे हादरले की ढोल थरथरायचे. डोळे उघडले, विचारात पडला, की सगळं गप्प! जोर लावला की वाद्य बंद पडतं, असा हा वादक.

इथे काही जण मनात म्हणत असतील, हे आपल्याकडे ध्यानधारणेत होतंच. असेल. पण आपल्याकडे त्याला ढोल जोडलेला नव्हता, हेही कबूल करू या.

श्वासाची गोष्ट वेगळी. तो आपोआप चालतो आणि मनात आणलं तर ताब्यातही येतो. कॅनडाच्या चार (Char) डेव्हिस या कलावतीने १९९५ साली ‘ऑस्मोस’ ही कलाकृती केली, ती या दुहेरीपणावर. त्या काळी आभासी जगात फिरायचं म्हणजे हातात जॉयस्टिक नाहीतर हातमोजा. डेव्हिस स्वतः पाण्याखाली पोहणाऱ्या. पाण्यात श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की खाली जातं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी प्रेक्षकाच्या डोळ्यांवर पडदा आणि छातीवर सेन्सरचं जाकीट चढवलं. श्वास घ्या, झाडाच्या फांद्यांतून वर जाल. सोडा, मुळांशी याल. कललात तर त्या दिशेने सरकाल. धसमुसळेपणाने पुढे जायला यात जागाच नाही.

आणि नाडी? तिच्यावर तर आपला थेट हुकूम जवळजवळ चालतच नाही. मेक्सिकोचे राफाएल लोसानो-हेमर यांचं ‘पल्स रूम’ २००६ साली प्वेब्ला शहरातल्या एका जुन्या कापडगिरणीत लागलं. छताला शंभर तारेचे बल्ब. दोन मुठी धरायच्या, की जवळचा बल्ब तुमच्या ठोक्यावर उघडझाप करू लागतो. मुठी सोडल्या की क्षणभर अंधार. मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या दिव्यात जातो, बाकी सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि शेवटचा ठोका बाहेर पडतो. मला तर तारेचाच बल्ब इथे हवासा वाटतो, कारण ती तार एकदम विझत नाही, निवत जाते. या कामामागे १९६०चा ‘माकारिओ’ हा मेक्सिकन चित्रपट आहे. त्यात मृत्यूच्या गुहेत प्रत्येक माणसाची एक मेणबत्ती जळत असते.

शरीराचा संकेत यंत्राने पकडला, याचं कौतुक चार मिनिटं टिकतं. पुढे त्या संकेताचं काय करायचं, तिथे कलावंत दिसतो. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी २०१० पासून जपानच्या तेशिमा बेटावर लोकांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून जपण्याची सोय केली. तिथेही एका अंधाऱ्या खोलीत ठोक्यांबरोबर एक बल्ब उघडझाप करतो. बोल्तान्स्की २०२१ मध्ये गेले. त्यांचे ठोके तिथे आहेत. एकाने ठोका राखून ठेवला, दुसऱ्याने रांगेतून जाऊ दिला. हल्ली मनगटावरची घड्याळं आपली नाडी दिवसरात्र नोंदवून कुठल्याशा कंपनीच्या साठ्यात घालतात. त्यामुळे आज तरी मी लोसानो-हेमर यांच्या बाजूचा आहे: शंभर माणसं झाली, की तुम्ही सुटलात.