तांबड्या विंचवाचे विष आणि पेशीपटलाची दारे

कोकणातील जांभ्या दगडाच्या बांधांत, भाताच्या पेंढ्यात आणि जळणाच्या ढिगाखाली राहणारा लहानसा तांबडा विंचू हा चेतासंस्थेच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा धागा आहे, असे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि पेशीपटल म्हणजे काय, एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप कसा जातो आणि तो थांबवावयाचा झाल्यास नेमका कोठे अडवावा, हे प्रश्न महाडच्या एका डॉक्टरला रुग्णाच्या खाटेपाशी आणि अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेच्या मेजापाशी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विंचवाच्या विषामुळेच सामोरे आले. या दोन वाटा कोठे एकत्र येतात, हे समजण्यासाठी आरंभ पेशीच्या आवरणापासून करावा लागतो.

प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्याच्या रेणूंचा दुपदरी पडदा असतो. या रेणूंचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे आणि शेपटी पाण्याला टाळणारी असल्यामुळे दोन्ही पदरांच्या शेपट्या आत तोंड करून दडतात आणि डोकी बाहेरच्या व आतल्या पाण्याकडे राहतात. त्यासाठी कोणा कारागिराची गरज लागत नाही. हा पडदा जेमतेम ५ नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा-पंधरा हजारांश भागाएवढा असतो. तो स्थिर भिंतीसारखा नसून प्रवाही असतो आणि त्यात प्रथिने तरंगत असतात, हे चित्र कॅलिफोर्नियातील सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि ते मूळ स्वरूपात आजही ग्राह्य मानले जाते. विद्युतभार असलेल्या कणाला, म्हणजे आयनाला, या मेदातून वाट मिळत नाही. त्याला प्रथिनांनी बनलेल्या दारांतूनच जावे लागते. या दारांना आयनमार्ग म्हणतात, आणि चेतासंस्थेचा सारा व्यवहार हा या दारांच्या उघडझापीचा व्यवहार आहे.

दारे उघडण्यापूर्वी दोन बाजूंत तफावत असावी लागते. ती निर्माण करण्याचे काम पटलातील एक पंप अहोरात्र करतो: तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ आयन आत घेतो आणि त्यासाठी पेशीतील ऊर्जा खर्च करतो. यामुळे सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत साठते, आणि पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत राहिल्याने पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. हा आकडा हातातील बॅटरीच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. परंतु तो ५ नॅनोमीटरच्या पडद्यावर पडतो हे लक्षात घेतले, तर तेथील विद्युतक्षेत्र दर सेंटिमीटरला लाखाहून अधिक व्होल्ट भरते. ताणलेल्या धनुष्याच्या दोरीप्रमाणे चेतापेशी सतत या ताणाखाली असते, आणि निरोप पाठविणे म्हणजे ती दोरी सोडणे होय.

ही दोरी सुटताना काय घडते, हे मानवी चेतातंतूवर पाहणे अशक्यप्राय होते, कारण तो फार बारीक असतो. या अडचणीतून मार्ग निघाला तो समुद्रातून. स्क्विड या सागरी प्राण्याच्या शरीरात अर्ध्या ते एक मिलिमीटर व्यासाचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, असतो, हे जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये जगापुढे आणले, आणि मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल हे किनाऱ्यावरचे छोटे गाव त्यानंतर चेताविज्ञानाचे जणू तीर्थक्षेत्र झाले. तेथे केनेथ कोल आणि हॉवर्ड कर्टिस यांनी निरोप जात असता पटलाचा विद्युतरोध एकाएकी घसरतो हे दाखविले. १९४७ मध्ये कोल आणि मार्मोंट यांनी पटलावरील विद्युतदाब ठरावीक पातळीवर धरून ठेवण्याची युक्ती तयार केली. ती युक्ती उचलून अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांनी इंग्लंडच्या प्लिमथ येथे केलेले प्रयोग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्यासह मिळाले. कोल यांचे नाव त्या यादीत नव्हते, ही बाब अमेरिकी चेताशास्त्रज्ञांना खटकत आली असेल, तर त्यात नवल नाही.

हॉजकिन व हक्सले यांच्या मांडणीचे सार असे सांगता येते. पटलावरील ताण थोडा सैल झाला की सोडियमची दारे उघडतात आणि सोडियम आत धाव घेते. त्यामुळे ताण आणखी सैल होतो आणि आणखी दारे उघडतात, आणि आतली बाजू क्षणभर धन होते. साधारण एका मिलिसेकंदात सोडियमची दारे आपोआप बंद होतात, पोटॅशियमची दारे उघडतात आणि पटल पूर्वस्थितीला येते. हीच लाट तंतूवरून पुढे सरकत जाते. यातील ‘आपोआप बंद होणे’ हा भाग प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. सोडियमच्या दाराला उघडणाऱ्या झडपेखेरीज आतून एक कडी असते, आणि दार उघडताच ती स्वतःहून लागू लागते. या क्रियेला निष्क्रियीकरण म्हणतात. क्ले आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिया यांनी १९७७ मध्ये या कडीची कल्पना साखळीला बांधलेल्या गोळ्याच्या रूपाने मांडली. कडी लागली नाही तर निरोप संपत नाही, आणि न संपणारा निरोप शरीराला न मिळालेल्या निरोपापेक्षा अधिक घातक ठरतो.

तंतूच्या टोकाशी हा विद्युतनिरोप रासायनिक रूप घेतो. दोन चेतापेशींमध्ये, किंवा चेतापेशी आणि स्नायू यांच्यामध्ये, सुमारे २० ते ५० नॅनोमीटरची फट असते. या संपर्कस्थानाला सायनॅप्स म्हणतात. लाट तेथे पोहोचली की कॅल्शियमची दारे उघडतात, आत आलेल्या कॅल्शियममुळे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला जुळून फुटतात, आणि ते रसायन पलीकडच्या पटलावरील ग्राही प्रथिनांना जाऊन बिलगते. हृदय, रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी यांचा कारभार पाहणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेत अशी दोन रसायने मुख्य आहेत: परानुकंपी शाखेचे अ‍ॅसिटिलकोलिन आणि अनुकंपी शाखेचे नॉरअ‍ॅड्रेनलिन. एक हृदयाचा वेग उतरविते, दुसरे तो चढविते, आणि सुदृढ माणसात दोहोंची ओढाताण समतोल राहते.

तांबड्या विंचवाच्या विषातील काही प्रथिने सोडियमच्या दाराला बाहेरून चिकटतात आणि नेमकी आतली कडी लागू देत नाहीत. दार उघडेच राहते, सोडियम आत येतच राहते, आणि स्वायत्त चेतातंतूंची टोके आपला साठा अनावरपणे ओतू लागतात. आरंभी अ‍ॅसिटिलकोलिनची लक्षणे दिसतात: वांत्या, लाळ, अंगावरचे कपडे भिजवून टाकणारा घाम. त्यामागोमाग नॉरअ‍ॅड्रेनलिन व अ‍ॅड्रेनलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण श्वासासाठी तडफडतो. खेड्यांत भीती असते ती आकाराने मोठ्या काळ्या विंचवाची, इंगळीची. परंतु जीव घेतो तो बहुधा हा लहान तांबडाच. ज्या रुग्णाला केवळ दंशाच्या जागी आग होते आणि पुढे काही होत नाही, तो कोणत्याही उपायाने किंवा उपायाविना बरा होतो. मांत्रिकांची ख्याती टिकून राहिली ती बहुशः अशाच रुग्णांच्या बळावर. विंचवाच्या ज्या वेदनेचे एकनाथांनी भारुडात रूपक केले, त्या वेदनेचा अनुभव महाराष्ट्राच्या घराघरांत असला, तरी मृत्यू वेदनेने होत नसून हृदय व फुप्फुसे यांच्या बिघाडाने होतो, हे सांगण्यास विसावे शतक बरेच उलटावे लागले.

जालना जिल्ह्यात वाढलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाचे गंभीर रुग्ण मोठ्या संख्येने दगावत असत. त्यांनी रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांचा गारठा यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होत होती, ती अशी की रोग्याला मारणारा शत्रू हा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा अतिरेक आहे. तेव्हा प्रचलित असलेले अ‍ॅट्रोपिन हे औषध अ‍ॅसिटिलकोलिनला अडवीत असे, म्हणजे ओढाताणीतील एका बाजूचा दोर कापून दुसरीला मोकळे रान देत असे. ते अपायकारक ठरावे यात आश्चर्य नाही. बावस्करांनी १९८० च्या दशकात प्रॅझोसिन हे औषध वापरण्यास आरंभ केला, आणि १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या फायझर कंपनीने हे औषध उच्च रक्तदाबासाठी बाजारात आणले होते. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राहींना झाकून ठेवते, त्यामुळे रसायन येत राहिले तरी त्याला बिलगण्यास जागा उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचे ओझे उतरते. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ ते २ टक्क्यांपर्यंत खाली आले. ज्या गोळीला काही पैसे ते काही रुपये पडत, तिने हे केले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

अमेरिकेत विंचवाचे विष याच काळात निराळ्या कामी येत होते. पटलात हजारो प्रकारची प्रथिने मिसळलेली असताना आयनमार्गाचे प्रथिन शोधून काढावे कसे, हा प्रश्न होता, आणि विषाइतके नेमके जाऊन चिकटणारे दुसरे साधन हाताशी नव्हते. सिअ‍ॅटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांनी १९८० च्या सुमारास विंचवाच्या विषाला किरणोत्सारी खूण लावून सोडियमच्या दाराचे प्रथिन हुडकले. मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठात क्रिस्टोफर मिलर यांच्या गटाने १९८५ मध्ये पश्चिम आशियातील एका विंचवाच्या विषातून पोटॅशियमचे दार बुजविणारे प्रथिन वर्णिले. आणि १९९० मध्ये न्यू जर्सीतील राह्वे येथे मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील गटाने ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे काढल्याचे जाहीर केले. ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट मोठ्या दाराखेरीज इतर दारांना हात लावीत नाही. ज्या विंचवाच्या विषातून ते मिळाले, तो भारतीय तांबडा विंचू, म्हणजे महाडच्या रुग्णांना डसणारी जातच होय. न्यू जर्सीतील एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडीने न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या मराठी माणसाला राह्वे हे स्थानक वाटेत लागते. परंतु या स्थानकाचा कोकणच्या शेतबांधाशी असा संबंध असेल, हे त्या प्रवासात कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही, आणि ‘आयबेरिओटॉक्सिन’ या नावातही भारताचा मागमूस नाही.

मिलर यांच्या हाताखाली शिकलेले रॉडरिक मॅकिनन हे मूळचे वैद्यकीय डॉक्टर. विंचवाचे विष पोटॅशियमच्या दारात कोठे बसते हे शोधता शोधता त्यांनी दाराचे तोंड प्रथिनाच्या कोणत्या भागात आहे ते निश्चित केले, आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून एका जिवाणूच्या पोटॅशियम मार्गाची अणुपातळीवरील रचना प्रसिद्ध केली. सोडियमचा आयन पोटॅशियमहून लहान असूनही त्या दारातून जाऊ शकत नाही, या जुन्या कोड्याचे उत्तर त्या रचनेत होते: पोटॅशियमभोवतीचे पाणी बाजूला सारताना दारातील ऑक्सिजनचे अणू त्याची जागा अचूक भरून काढतात, सोडियमला मात्र ते सैल पडतात. जिवाणूचे दार प्राण्यांच्या दारासारखेच असेल कशावरून, अशी शंका उरत होती. तिचे निरसन करण्यासाठी मॅकिनन यांनी पुन्हा विंचवाचेच विष वापरले, आणि जिवाणूच्या दारात अल्पसा बदल करताच ते विष तेथेही जाऊन बसले. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पीटर अ‍ॅग्र यांच्यासह मिळाले.

रुग्णाच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न मागे राहिलाच होता. प्रॅझोसिन निरोप अडविते ते पलीकडच्या काठावर. अलीकडचे दार उघडेच असते आणि रसायन ओतलेच जात असते. विषच निकामी करावयाचे तर त्यासाठी विंचूदंशाची प्रतिलस हवी, आणि ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागली होती. महाडला ७० रुग्णांवर तुलना करण्यात आली: काहींना केवळ प्रॅझोसिन, काहींना प्रॅझोसिन आणि प्रतिलस. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही उपाय मिळालेले रुग्ण अधिक लवकर सावरले. प्रतिलस रक्तात फिरणाऱ्या विषाला दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाठते आणि प्रॅझोसिन तोवर आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवते. त्या मोकळ्या झाल्याची पहिली खूण यंत्रावर उमटण्याआधी रुग्णाच्या गार पडलेल्या हातापायांवर दिसते, ते पुन्हा उबदार होऊ लागतात.