वस्तऱ्याचा भांग

भांग पाडणें हें फणीचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आरशापुढें उभें राहावें, तेलपाणी लावावें, फणीच्या टोंकानें रेघ ओढावी आणि वाऱ्यानें ती मोडली कीं पुन्हा फणी हातीं घ्यावी, असा हा रोजचा उद्योग. परंतु 2010 नंतरच्या काळांत शहरांतील तरुणांनीं हें काम फणीकडून काढून वस्तऱ्याकडे सोंपविलें. भांगाच्या जागीं दोनतीन मिलिमीटर रुंदीची पट्टी तासून घ्यावयाची, म्हणजे ती रेघ वाऱ्यानें मोडत नाहीं आणि झोंपेंतहि विस्कटत नाहीं.

महाराष्ट्राला डोक्यावरचा वस्तरा कांहीं नवा नाहीं. शेंडी राखून भोंवतालचें डोकें तासण्याची चाल एकोणिसाव्या शतकांत हिंदु घरांतून रूढ होती, आणि राखलेल्या केसांची कड नीटस ठेवणें यांत न्हाव्याच्या हाताची परीक्षा होई. फरक इतकाच कीं, त्या वेळीं वस्तरा रूढीच्या आज्ञेनें चाले. आतां तो हौसेनें चालतो.

या हौसेच्या मुळाशीं मात्र एक गरज आहे. आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केशमूळच वक्र असल्यामुळें केस कुरळे उगवतात. ते दोन्ही बाजूंस निजत नाहींत. म्हणून फणीनें पाडलेला भांग त्यांत टिकत नाहीं. तेथें रेघ हवी असेल तर ती कोरावीच लागते. अमेरिकेंत या कोरीव रेघेमागें आणखीहि एक इतिहास उभा आहे. 1858 सालीं गुलामगिरींत जन्मलेले अलोन्झो हर्न्डन यांनीं पुढें अटलांटा शहरांत मोठें केशकर्तनालय चालवून संपत्ति मिळविली. पण त्यांच्या त्या प्रसिद्ध दुकानांत वस्तरा धरणारे हात काळे आणि खुर्चीवर बसणारीं गिऱ्हाइकें केवळ गोरीं, अशी स्थिति होती. काळ्या माणसाला डोकें द्यावयाचें तें आपल्या वस्तींतील न्हाव्यापाशीं. तें दुकान मग नुसतें हजामतीचें राहिलें नाहीं. चार गोष्टी निर्भयपणें बोलण्याची ती जागा झाली. तेथून रेखीव डोक्यानें बाहेर पडणें यांत नटण्यापेक्षां स्वाभिमानाचा भाग अधिक होता. दक्षिण आफ्रिकेंतील नेल्सन मंडेला यांच्या 1961 च्या सुमाराच्या छायाचित्रांतहि दाढीबरोबर बाजूचा ठसठशीत भांग लक्ष वेधून घेतो.

आतां ही रेघ पाडावयाची कशी? प्रथम तिची जागा शोधावी लागते, आणि ती जागा डोकेंच सांगतें. केस ओले करून सरळ मागें विंचरावे व मग सैल सोडावे. ते जेथें आपण होऊन दुभंगतात तो खरा भांग. बहुधा तो भुंवईच्या कमानीवर सुरू होतो आणि टाळूवरील भोंवऱ्याच्या अलीकडे संपवावा लागतो. कारण भोंवऱ्यांत केसांची दिशाच फिरते, आणि तेथें शिरलेली रेघ वांकडी दिसते. जागा ठरली कीं कुशल न्हावी आधीं विजेच्या यंत्राच्या अरुंद पात्यानें आंखणी करतो, मग फेंस लावून व कातडी ताणून धरून वस्तरा केसांच्या दिशेनें फिरवितो. पहिल्या खेपेस रेघ बारीक ठेवणारा न्हावी शहाणा. कारण बारीक रेघ क्षणांत रुंद करतां येते, रुंद झालेली बारीक करावयास मात्र महिने लागतात.

डोक्याचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आठवड्याभरांत त्या पट्टींत सुमारें 3 मिलिमीटरचे खुंट उभे राहतात आणि रेघ धूसर होते. हौस टिकवावयाची तर दर आठपंधरा दिवसांनीं दुकानाची पायरी चढणें आलें. घरच्या घरीं आरशांत पाहून ती कोरण्याचा मोह टाळावा. आरशांत डावेंउजवें फिरतें, हात चुकतो, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर रेघ रुंदच होत जाते. कंटाळा आल्यास पांच सेंटिमीटर लांबीच्या केसांत ती पट्टी मिसळून जाण्यास चार महिने थांबावें लागतें. वस्तरा फिरविल्यानें तेथील केस राठ व दाट येतील ही भीति मात्र निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनीं 1928 सालीं पुरुषांच्या दाढीवर प्रयोग करून ही समजूत खोटी ठरविली. मुलाचें जावळ दाट यावें म्हणून तें पुनःपुन्हा काढणाऱ्या आयाआजींनींहि हें ध्यानांत ठेवावें.

खरी काळजी निराळ्याच गोष्टीची घ्यावयास हवी. रेघ कोरतांना पातें कातडीवरून जातें, आणि डोळ्यांस न दिसणारा ओरखडा सहज उठतो. ‘बी’ प्रकारच्या काविळीचे विषाणु वाळलेल्या रक्तांतहि निदान सात दिवस जिवंत राहूं शकतात. पात्यावर डाग दिसत नाहीं म्हणून तें निर्मळ, असें समजतां येत नाहीं. तेव्हां नवें पातें डोळ्यांदेखत बसविलें जावें, असा आग्रह गिऱ्हाइकानें संकोच न करतां धरावा. तुरटीच्या खड्याविषयींहि हेंच. तुरटीनें रक्त थांबतें हें खरें. पण एकाच्या जखमेवरून दुसऱ्याच्या जखमेवर फिरणारा खडा रोगाचा वाहक होऊं शकतो. पातें ही फार तर चार पैशांची वस्तु. तिच्यासाठीं यकृत पणाला लावण्यांत कसली काटकसर?

ज्यांच्या टाळूवर कोंडा, खवडे वा गजकर्ण आहे, त्यांनीं तें बरें होईपर्यंत वस्तरा दूर ठेवावा. ज्यांचे केस कपाळाकडून मागें हटूं लागले आहेत, त्यांनींहि या वाटेस जाऊं नये. उरलेल्या विरळपणाकडे ही रेघच बोट दाखविते. कुरळे केस तासल्यावर कांहींचें टोंक आंत वळून कातडींत शिरतें व पुटकुळ्या येतात. अशा वेळीं पुन्हा पातें न लावतां केस वाढूं द्यावे. उघडी पडलेली कातडी उन्हाला सरावलेली नसते, म्हणून पहिले कांहीं दिवस टोपी घालावी.

इतकें सांभाळून ही हौस जो करील त्याला ती शोभून दिसेल. आणि चार महिन्यांनीं त्याचें मन पालटलें, तरी मागें घेतां येण्यासारख्या ज्या थोड्या हौशी तारुण्यांत असतात त्यांपैकीं ही एक आहे.