सुरतेहून सुरतेला

दिवाळी आली की सुरत शहराचा आवाज बदलतो. वर्षभर अहोरात्र खडखडणारे यंत्रमाग थांबतात, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने जवळजवळ तीन आठवडे बंद राहतात, आणि एरवी घड्याळाच्या काट्यावर धावणारी माणसे रिकाम्या हातांनी घरी बसतात. या दिवसांत सौराष्ट्रातील कारागीर सौराष्ट्राकडे जातो, खानदेशातला खानदेशाकडे. ही रीत आजही मोडलेली नाही. पण ज्यांचा या शहरात जम बसला, अशा कित्येक घरांतून आता आणखी एक प्रश्न ऐकू येतो : यंदा परदेशी कोठे जावयाचे?

वरवर पाहता हा प्रश्न चैनीचा आहे. परंतु ज्या घरात तेरा ते अठरा वर्षांची मुले आहेत, तेथे तो तेवढा सोपा राहत नाही. लहान मूल नेऊ तेथे येते, आणि मिळवता झालेला मुलगा आपल्या पैशाने हवा तेथे जातो. या दोहोंमधले वय असे असते, की मुलाचे शरीर आईबापांच्या शेजारी बसलेले आणि मन दुसऱ्याच गावी. त्यातून दोन-तीन वर्षांनी ही मुले शिक्षणासाठी घर सोडतात. मग चौघांनी मिळून केलेला प्रवास पुन्हा घडेलच, अशी खात्री कोणी द्यावी? स्थळ चुकले तर नुसते पैसे वाया जात नाहीत. एक संधी हातची जाते.

अशा घराचे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. उधना भागातील मराठी कुटुंब. वडील नववीत शाळा सोडून नंदुरबारकडून मागावर कामाला आले आणि वीस वर्षांनी स्वतःचे चार माग टाकते झाले. आई घरखर्चातून शिल्लक टाकणारी. मुलगा सोळा वर्षांचा, नुकताच दहावीची परीक्षा दिलेला. मुलगी तेरा वर्षांची. आणि गुडघ्यांमुळे प्रवास सोडलेली, पण मत न सोडलेली आजी. वडिलांचे म्हणणे, दुबईला जावे; शेजारचे जाऊन आले. मुलीला कोरिया हवा, कारण तिच्या मैत्रिणींच्या तोंडी तेथलीच गाणी. मुलाला विचारले तर तो म्हणतो, “तुम्ही जाऊन या, मी घरी राहतो.”

या शेवटच्या उत्तराने बापाचे मन दुखावते. पण त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. मुलगा प्रवासाला नाही म्हणत नाही. ज्याची आखणी आपल्याला न विचारता झाली, अशा प्रवासाला तो नाही म्हणतो. वडिलांचा आग्रहही निव्वळ शेजाऱ्याची बरोबरी करण्यासाठी नाही. ज्याचे शिक्षण मागाच्या आवाजात अर्धवट राहिले, त्याला आपल्या मुलांना जग दाखवावयाचे आहे आणि आपण ते दाखवू शकतो हे एकदा स्वतःला पटवावयाचे आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणून स्थळाची निवड नावलौकिकावर न सोडता तीन साध्या कसोट्यांवर घासून पाहावी : त्या ऋतूत ते स्थळ कसे असते, तेथे मुलांना स्वतःच्या हिमतीवर काय करता येते, आणि घराशी त्या भूमीचा काही धागा जुळतो काय.

पहिली कसोटी ऋतूची. दिवाळी आश्विन-कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. या काळात व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, होई आन आणि दा नांग या बाजूला, पावसाचा आणि पुराचा जोर असतो. श्रीलंकेतही बऱ्याच भागांत पाऊस पडतो. उलट नेपाळात आकाश निवळलेले असते आणि हिमशिखरे स्पष्ट दिसतात. नेपाळला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही. मोठ्यांना पासपोर्ट वा मतदार ओळखपत्र पुरते, आणि पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेले ओळखपत्रही चालते. भूतानला प्रत्येक रात्रीमागे माणशी बाराशे रुपये शुल्क भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यात निम्मी सूट आहे, तेरा वर्षांच्या मुलीला नाही. दुबईची हवा नोव्हेंबरात सुखद आणि मेमध्ये असह्य. बेत ठरविण्याआधी पंचांगाइतकेच पर्जन्यमानही पाहावे ते यासाठी.

दुसरी कसोटी मुलांच्या हिमतीची. किशोरवयीन मुलाला प्रेक्षक म्हणून नेले तर तो तिसऱ्या दिवशी कंटाळतो. सहकारी म्हणून नेले तर पहिल्या दिवसापासून जबाबदारीने वागतो. सिंगापूरसारख्या शहरात भुयारी रेल्वेचा नकाशा सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन सर्वांनी त्याच्या मागे चालावे, हे सहज शक्य आहे. मात्र तेथील मुक्काम महाग पडतो. दुबईत उंच इमारती आणि बाजारपेठा पुष्कळ; पण चकचकीत दुकानांची सुरतेच्या मुलांना नवलाई ती किती? कोरियाचा खर्च या कुटुंबाच्या शिलकीबाहेरचा आहे. हे मुलीला “नको म्हणजे नको” असे न सांगता जमाखर्चाची वही पुढे ठेवून सांगावे. तेरा वर्षांच्या मुलीला आकडे समजतात. न समजणारा असतो तो नुसता नकार.

आता उरली तिसरी कसोटी, घराशी जुळणाऱ्या धाग्याची. सुरतेच्या बाबतीत ती फार मोलाची आहे, कारण या शहराने परदेश घरबसल्या पाहिलेला आहे. मुघल काळात मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेल्या मुघलसराईत आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरी कतारगामच्या बाजूला अजून उभ्या आहेत. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, ती याच संपत्तीमुळे. तापीपलीकडच्या रांदेरचे व्यापारी रंगूनपर्यंत जात. त्या संबंधाची खूण म्हणून खावसा हा मूळचा ब्रह्मदेशी पदार्थ सुरतेच्या मुलांच्या रोजच्या ओळखीचा झाला आहे.

मुलाच्या हाती नकाशा दिला असता त्याची दृष्टी एका नावावर थबकली, अशी कल्पना करावी. थायलंडच्या दक्षिणेकडील एका शहराचे नाव आहे सुरत थानी, आणि त्याच्या काठाने वाहणाऱ्या नदीचे नाव आहे तापी. हा योगायोग नव्हे. १९१५ मध्ये सयामचा राजा वज्रायुध याने ही नावे ठेवली, आणि ती गुजरातेतील सुरत व तिची तापी यांवरून घेतली. ‘थानी’ म्हणजे आपल्या ‘राजधानी’तील ‘धानी’. भारतातील तापी मुलताईला उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत अरबी समुद्राला मिळते. तिची नामधारी भगिनी सुमारे २३० किलोमीटर वाहून थायलंडच्या आखातात शिरते.

हे ऐकल्यावर आजी सावरून बसते. तिचे माहेर प्रकाशाजवळचे. तापी तिच्या लेखी नदी नव्हे, आई. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिन साजरा होतो, त्या दिवशी तिला लांबच लांब चुंदडी वाहिलेली आजीने पाहिली आहे. “तिकडे गेलात तर त्या तापीला माझ्याकडून हळदकुंकू वाहा,” एवढेच ती म्हणते, आणि घरात कोठे जावयाचे हा वाद संपून कसे जावयाचे ही चर्चा सुरू होते.

त्या प्रदेशात मुलांना करण्यासारखे पुष्कळ आहे. बँकॉकपासून सुरत थानीपर्यंत रेल्वेने सुमारे साडेसहाशे किलोमीटर जावे लागते. रात्रीच्या गाडीत झोपावे आणि सकाळी फुनफिन येथे उतरावे. स्थानक त्या गावी आहे, शहर तेथून काही अंतरावर. प्रांतात खाओ सोक हे घनदाट अरण्य आहे. १९८७ मध्ये पूर्ण झालेल्या रज्जप्रभा धरणामागे विस्तीर्ण जलाशय आहे, आणि त्यात चुनखडीचे उंच कडे पाण्यातून सरळ वर आलेले आहेत. उकाई धरणाची सहल केलेल्या मुलांना तेथे तुलना करता येईल आणि वल्ही मारीत लहान होडी चालविताही येईल. चैया गावी श्रीविजय काळातील बौद्ध स्तूप आहे. सामुई व ताओ ही बेटे याच प्रांतात मोडतात. फंगन बेटावर पौर्णिमेच्या रात्री पेयपानासह मोठा जल्लोष चालतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती तिथी टाळलेली बरी.

खाण्याची चिंता आईला असणे साहजिक आहे. थाई स्वयंपाकात माशांचा अर्क सर्रास पडतो, अगदी भाजीतसुद्धा. शाकाहारासाठी तेथे शब्द आहे ‘मंगसविरत’. उच्चार निराळा वाटला तरी हा संस्कृत ‘मांसविरती’च आहे. मांस, मासे, अंडी, दूध यांतले काहीच नको असेल तर ‘जे’ हा शब्द. लाल-पिवळ्या पाट्यांवर तो लिहिलेला असतो. असे वीस-पंचवीस शब्द शिकण्याचे काम मुलीकडे द्यावे. कोरियाची गाणी जिला पाठ होतात, तिला हे अवघड नाही.

आणि वडिलांचे काय? त्यांच्याही वाट्याला या प्रवासात मानाचे एक स्थान येते. गुजरातेत पेथापूरच्या कारागिरांनी कोरलेल्या लाकडी ठशांनी छापलेले ‘सौदागिरी’ कापड एके काळी खास सयामसाठी तयार होत असे आणि बँकॉकच्या बाजारात विकले जाई. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात २०१२ पासून राणी सिरिकित यांच्या नावाचे वस्त्रसंग्रहालय आहे. अशा ठिकाणी नववी शिकलेला हा माणूस ताणा, बाणा, पोत आणि रंग यांविषयी जे सांगू शकेल, ते मुलांच्या कोणत्याही पुस्तकात नसेल. एरवी मुलांना वडील दिसतात ते पैसे मोजताना. परमुलुखात ते जाणकार म्हणून दिसले, तर तेवढ्यासाठीही केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणावे.

एक अडचण मात्र उरते, आणि ती लहान नाही. दिवाळीत माग बंद असतात. पण नेमक्या त्याच सुमारास सुरत थानीच्या किनाऱ्यावर पावसाळा जोर धरतो आणि नोव्हेंबरात तो शिगेला पोहोचतो. तेथे जावयाचे तर जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. मुलीची शाळा सुटते मे महिन्यात. तेव्हा उकाडा असतो, अरण्याच्या बाजूला सरीही सुरू होतात, परंतु महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात प्रवास निभावतो. याचा अर्थ चालू माग सोडून मालकाने आठ दिवस दूर राहावयाचे. वीस वर्षांत त्याने हे केलेले नाही. दिवाळीतच निघावयाचे असेल, तर नेपाळ हा शहाणपणाचा पर्याय आहे. मेमध्ये जावयाचे असेल, तर धाकट्या भावावर विश्वास टाकून कारखान्याच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या पाहिजेत. खर्चाच्या हिशेबात हा विश्वास कोठेच लिहिला जात नाही. पण पुष्कळ घरांचे प्रवास पैशांच्या अभावी नव्हे, याच्याच अभावी अडतात.

बाकीची तयारी रीतीने करावी. सुरतेहून बँकॉकला थेट विमानसेवा डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तरी त्या त्या हंगामाचे वेळापत्रक पाहूनच बेत करावा. अज्ञान मुलांचा पासपोर्ट सामान्यतः पाच वर्षांचाच असतो, आणि परतल्यानंतरही त्याची मुदत सहा महिने उरलेली असावी, अशी अनेक देशांची अपेक्षा असते. मोठ्यांचे पासपोर्ट पाहून मुलांचे गृहीत धरणे ही नेहमीची चूक. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रवेशापूर्वी संगणकावर माहितीपत्रक भरणे आवश्यक केले आहे. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. ते तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी पाहावेत, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. आणि प्रवासासाठी कर्ज काढू नये. परतल्यावर सहा महिने हप्ते भरणाऱ्या घरात त्या प्रवासाची आठवण गोड राहत नाही.

प्रत्येकाने सुरत थानीलाच जावे, असा याचा अर्थ नव्हे. रत्नागिरीच्या घराला ब्रह्मदेश जवळचा वाटेल, कारण तेथला थिबा राजा रत्नागिरीत बंदिवासात राहिला आणि १९१६ मध्ये तेथेच वारला. आणखी कोणाला आफ्रिकेचा किंवा आखाताचा किनारा. धागा प्रत्येक गावाला असतो. तो शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे.

निघण्यापूर्वी एका रविवारी मात्र या कुटुंबाने कतारगामच्या कबरी, मुघलसराई आणि तापीकाठचा किल्ला पाहून घ्यावा. त्या दुसऱ्या तापीच्या काठी कोणी विचारले, की तुमची सुरत कशी आहे, तर मुलांना उत्तर देता आले पाहिजे. “मी घरी राहतो” म्हणणारा मुलगा त्या दिवशी नकाशा घेऊन सर्वांच्या पुढे चालू लागला, तर जागेची निवड बरोबर झाली असे समजावे. आजीने हळदकुंकवाची पुडी बांधून ठेवलेलीच आहे.