आधी कृत्य, मग कवटी



1757 साली व्हर्सायमध्ये दामियां नावाच्या माणसाने फ्रान्सच्या राजावर छोट्या चाकूने वार केला. राजा वाचला. दामियांला पॅरिसच्या भर चौकात चार घोड्यांना बांधलं. घोड्यांनी ओढूनही शरीर फाटेना, तेव्हा त्याचे सांधे कापावे लागले. हे बघायला लोकांनी आसपासच्या खिडक्या भाड्याने घेतल्या होत्या.

सात वर्षांनी, 1764 मध्ये, इटलीतल्या लिव्होर्नो शहरात गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. लेखक होता मिलानचा चेझारे बेकारिया, वय सव्वीस, स्वभाव अंमळ आळशी. पिएत्रो वेरी या मित्राने मागे लागून त्याच्याकडून ते लिहून घेतलं. वेरीचा धाकटा भाऊ कैद्यांच्या दादफिर्यादीचं काम बघे. तुरुंगाची खबर तिथून मिळे.

बेकारियाचं म्हणणं रोखठोक होतं. छळ करून कबुली घेतलीत, तर दणकट गुन्हेगार सुटेल आणि नाजूक निरपराध अडकेल. शिक्षा जबर असण्यापेक्षा ती चुकणार नाही आणि लवकर होईल, याचा धाक जास्त. आणि ती मोजायची ती कृत्याने समाजाचं किती नुकसान झालं त्यावर. करणारा सरदार की मोलकरी, हे बघायचं नाही.

त्याला दयाळू संत समजण्याची घाई मात्र करू नका. फाशीला त्याचा विरोध होता, पण तिच्याऐवजी त्याने जन्मभराची सक्तमजुरी सुचवली. का? फाशी घटकाभरात संपते. राबणारा कैदी वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो. हा हिशेब आहे, कळवळा नाही. तरीही 1786 मध्ये टस्कनीने फाशी रद्द केली, त्यामागे हे पुस्तक होतं.

मग शंभर वर्षांनी चेझारे लोंब्रोसो आला, पेशाने डॉक्टर. विलेल्ला नावाच्या, चोरीची शिक्षा झालेल्या एका दक्षिण इटालियन माणसाची कवटी उघडताना त्याला मागच्या बाजूला, आतून, एक खळगा दिसला. त्या एवढ्याशा खळग्यातून त्याने सिद्धान्त काढला: गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, आदिमानवाकडे परतलेला. 1876 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या शिष्यांपैकी फेरीने गरिबी, हवामान, समाज यांनाही हिशेबात घेतलं. गारोफालोने मात्र न सुधारणाऱ्यांना समाजातून काढूनच टाकायला सांगितलं. इंग्लंडात गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टराने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापं घेतली आणि 1913 मध्ये दाखवून दिलं की असा वेगळा शरीरप्रकार नाहीच.

मला खटकतं ते वेगळंच. कृत्याऐवजी माणसाकडे बघा, असं म्हणणं ऐकायला किती माणुसकीचं वाटतं! पण कृत्याच्या शिक्षेला माप असतं. दोष स्वभावातच आहे असं ठरलं, की शिक्षा संपायची कधी?

आपल्याकडे तर कवटीचीही गरज पडली नाही. लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, 1871 मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीत जन्म, एवढंच पुरे. 1911 च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याखाली आला. मग नोंद, हजेरी, वेस ओलांडायला दाखला, आणि सोलापुरात काटेरी तारेआड वसाहत. कोणी काय केलं, हे विचारायच्या आत हजेरीची वेळ व्हायची. 1952 मध्ये तो कायदा गेला. 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. सोलापुरात त्या वसाहतीच्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.