पेटी लहान चालेल, दांडा बरोबर हवा

(आदिवासी मुलांच्या सुतारकाम वर्गासाठी हत्यारे देऊ इच्छिणाऱ्या स्नेह्यांपुढे खोपट, ठाणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषण करणारा माणूस नाही. मी सुतार आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी विचारले की, मुलांच्या वर्गाला राऊटरची बिट्स द्यायची आहेत, तर कोणती घ्यावीत? दुकानात शंभर बिट्सची चकचकीत पेटी दिसते, ती घेतली की काम झाले, असे वाटते. पैसे कष्टाचे आहेत आणि बोटे मुलांची आहेत. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ.

राऊटर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी लाकडात खाच पाडायची तर पटाशी, कडेला गोलाई द्यायची तर वेगळा रंधा लागे. प्रत्येक आकाराला वेगळे हत्यार. राऊटर हे हातात धरायचे विजेचे यंत्र. त्याच्या तोंडात जे पाते बसवाल, तो आकार लाकडात उतरतो. त्या पात्याला बिट म्हणतात. राऊटरचा धाकटा भाऊ म्हणजे ट्रिमर. घोडबंदर रस्त्याच्या इमारतींत फर्निचरचे काम चालते, तिथे सनमाइकाची कड साफ करताना त्याचा आवाज आपण ऐकला असेल. आपल्या मुलांच्या हाती आधी ट्रिमरच येणार. शहापूर-मुरबाडकडची ठाकूर, कातकरी मुले असोत की जव्हार-मोखाड्याची वारली, कोकणा मुले असोत, कामाला लागली की पहिली मजुरी याच यंत्रावर मिळते.

आता पहिली गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची. बिटचा दांडा. दांडा म्हणजे यंत्राच्या तोंडात जाणारा भाग. यंत्राच्या तोंडात जी पकड असते तिला कोलेट म्हणतात. आपल्याकडे दांड्याची दोन मापे शेजारी-शेजारी विकली जातात : 6 मिलिमीटर आणि पाव इंच. सुताराच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. फरक अवघा 0.35 मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. दोन सुताचा दांडा 6 च्या कोलेटमध्ये शिरतच नाही, म्हणजे नुकसान फक्त पैशाचे. पण 6 चा दांडा दोन सुताच्या कोलेटमध्ये सहज शिरतो, पाना आवळला की घट्टही वाटतो. धोका इथेच आहे. लाकडाचा जोर बसला की बिट हळूहळू खाली सरकते. 5 मिलिमीटरची खाच 8 ची होते. एका साइटवर असेच एका मुलाने पाडलेले कपाटाचे दार फुकट गेले आणि ठेकेदाराने त्याची चार दिवसांची मजुरी कापली. यंत्र आणि बिट दोन्ही त्याला दुसऱ्यानेच दिलेली होती. दार गेले, निदान बिट उडून कोणाला लागले नाही.

म्हणून खरेदीआधी वर्गाच्या शिक्षकांना दोनच प्रश्न विचारा : यंत्र कोणते, आणि कोलेट किती मापाचे? उत्तर चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी घेऊनच दुकानात जा. मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलात तरी दुकानदार तुम्हाला हेच विचारील.

दुसरी गोष्ट, पात्याची धार. स्वस्त बिट्स साध्या हायस्पीड पोलादाची असतात. मऊ लाकडावर ती छान चालतात. पण मुलांचे बरेचसे काम प्लायवर, आणि प्लायच्या थरांमधला डिंक वाळून कडक झालेला असतो. तो अशी धार लवकर खातो. सागाच्या लाकडात तर वाळूचाच घटक असतो, त्यानेही धार जाते. म्हणून विडियाची टीप असलेले बिट घ्यावे. हा शब्द कारखान्यांत रोज ऐकू येतो. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने बांधून केलेला हा धातू जर्मनीतील क्रुप कंपनीने 1926 साली विडिया या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांवरून हे नाव झाले. पण तो कडक तसाच ठिसूळही आहे. बिट फरशीवर पडले की टवका उडतो. म्हणून बिट्स डब्यात एकावर एक टाकू नयेत, लाकडी ठोकळ्यात भोके पाडून उभी ठेवावीत. हा ठोकळा बनवणे हाच मुलांचा पहिला धडा होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, आकारमान. ट्रिमर मिनिटाला साधारण 30,000 फेरे घेतो. 12 मिलिमीटर व्यासाच्या बिटची कड तेव्हा ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगाने फिरते. मोकळ्या रस्त्यावरची आपली एसटी धरा. तोच वेग ठेवून 50 मिलिमीटरचे बिट लावले, तर कड ताशी 280 किलोमीटरच्या वर जाते. शंभरच्या पेटीतली मोठी, नक्षीदार बिट्स दिसायला सुंदर असतात, पण ती मोठ्या राऊटरसाठी, टेबलाखाली बसवून, वेग कमी करून वापरायची असतात. शिकाऊ मुलाच्या हाती ती पडू नयेत. आणि पेटीत असली की मूल ती लावून बघणारच.

मग काय द्यावे? माझ्या मते पाच बिट्स. सरळ बिट 6 मिलिमीटरचे, ड्रॉवरच्या तळाच्या खाचेसाठी. सरळ बिट 12 मिलिमीटरचे, फळी बसवायच्या खाचेसाठी. ही दोन्ही घेताना बिटच्या तळालाही धार आहे ना, हे पाहावे. नसेल तर ते लाकडात सरळ खाली उतरत नाही, फक्त जळते. तिसरे, टोकाला बेअरिंग असलेले सरळ बिट. बेअरिंग नमुन्याच्या कडेवर चालते आणि पाते तसेच्या तसे कापते. शाळेच्या दहा बाकांचे पाय एकसारखे करायचे तर हेच लागते. चौथे, 6 मिलिमीटर त्रिज्येचे गोलाईचे बिट, तेही बेअरिंगचे, म्हणजे लहान मुलांच्या बाकाची कड टोचणार नाही. पाचवे, व्ही आकाराचे, दारावरच्या पट्ट्यांसाठी आणि अक्षरांसाठी. एवढ्यावर मुलगा दारे, बाक, कपाट सगळे करू शकतो. पैसे उरले तर सहावे बिट घेऊ नका. डोळ्यांचा चष्मा, कानाचे बोळे आणि धुळीचा मास्क घ्या. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते, असे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवले आहे.

घरातली जुनी बिट्सही चालतील, पण आधी तपासा. पात्याची धार उजेडाकडे धरा. धारेवर चकाकणारी रेघ दिसली तर ती बोथट झाली. टवका उडालेले किंवा वाकलेले बिट मुळीच देऊ नका. आपल्या अडगळीतले आपण स्वतः वापरणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या हाती का द्यावे?

वापराबद्दल चार शब्द तरुण संघातल्या स्वयंसेवकांसाठी. बिट बदलण्याआधी वायर सॉकेटमधून काढायची, नुसते बटण बंद करून भागत नाही. दांडा आत पूर्ण घालून मग 2-3 मिलिमीटर मागे घ्यायचा आणि आवळायचा. फळीच्या बाहेरच्या कडेने यंत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट न्यायचे, चौकटीच्या आतून काट्यांच्या दिशेने. उलट नेले तर यंत्र हातातून पळते. खोल खाच एका दमात पाडायची नाही. 3-3 मिलिमीटरने उतरायचे. लाकूड काळे पडू लागले तर दोनच कारणे शोधा : धार गेली, किंवा हात फार सावकाश चालला.

आपल्यातले बरेच जण मोठी भेट देऊ इच्छितात, त्यांचे मन मोठे आहे. पण पंचाण्णव न वापरायच्या बिट्सचे पैसे पाच चांगल्या बिट्सना आणि एका चष्म्याला लावले, तर ती भेट मुलाच्या हाती वर्षानुवर्षे काम करील. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या घेऊन या. माप मी लिहून देईन.