दुसरा माणूस कोण?

संमेलनाच्या अध्यक्षा, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेले अनुवादक आणि अनुवादाची कामं देणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी,

आज ३० सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन. बायबल लॅटिनमध्ये नेणाऱ्या संत जेरोम यांचा हा स्मृतिदिन. स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

मी अनुवादक नाही. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर डॉक्टर नसलेला सदस्य म्हणून बसतो. नव्या औषधाची चाचणी घ्यायची, तर रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते; २०१९च्या नियमांत तसं स्पष्ट म्हटलं आहे. ती मराठी संमतीपत्रकं आमच्यापुढे येतात. एका पत्रकात 'प्लासिबो'साठी शब्द होता 'पर्यायी औषध'. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. 'पर्यायी औषध' वाचून रुग्ण काय समजेल? हे नाही तर दुसरं औषध मिळणार! आणि त्या भरवशावर तो सही करेल.

पत्रकाला उलट अनुवादाचं, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी केल्याचं, प्रमाणपत्र जोडलेलं होतं. त्यात 'पर्यायी औषध'चं पुन्हा बिनचूक 'प्लासिबो' झालं होतं. मूळ इंग्रजी समोर ठेवल्याशिवाय हे जमत नाही. चौकशी केली, तेव्हा कळलं की तीन कोटेशनं मागवून सर्वांत कमी दराचं घेतलं होतं. शब्दाला किती, यापलीकडे कुणी काही विचारलंच नव्हतं.

काम देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दर जरूर विचारा, पैसे तुमचे आहेत. पण अनुवाद नेमका कोण करणार, त्याला विषय कळतो का, आणि तो झाल्यावर मुळाशी ताडून कोण पाहणार, हेही विचारा. आयएसओ १७१०० या २०१५च्या मानकात हा दुसरा माणूस सक्तीचा आहे. जो दर एकाच्याच मेहनतीला पुरत नाही, त्या दरात दुसरा येणार कुठून? चाळीस पानं उद्या सकाळी देतो म्हणणाऱ्यालाही हेच विचारा.

ते पत्रक आम्ही परत पाठवलं. नव्या अनुवादात असं आलं : 'काहींना औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळेल. तुम्हाला कोणती मिळेल, हे आधी सांगता येणार नाही.' घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मला औषध मिळेलच असं नाही."

हा अनुवाद करणाऱ्या ताई आणि तो तपासणारे त्यांचे सहकारी आज सभागृहात आहेत. त्या दोघांचं मी पुन्हा एकदा स्वागत करतो.